कुशावतीच्या काठी पहिला नांगर कोणी धरला?

कुळागरवाला (धागाकर्ता)
रविवार, रात्री ९.१०

मंडळी, बरेच दिवस मनात घोळत होते ते आज लिहितो. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचे गाव गोव्यातल्या केपे तालुक्यात, कुशावतीच्या काठी. नदीपासून वर आलात की आधी वांयगणीची (पाटाच्या पाण्यावरच्या उन्हाळी भाताची) शेते, मग पाट, मग आमच्या पोफळी. पाटाच्या तोंडाशी वडाच्या मुळांत एक दगड उभा होता. कोरीव नाही, मूर्ती नाही, अक्षर नाही. गुडघ्याएवढा जांभ्याचा उभट चिरा. नवे भात घरात आणायच्या दिवशी पहिली कणसे तिथे ठेवायची, मग देवळात, मग घरात. आजोबा त्याला ‘मूळपुरुस’ म्हणायचे. याहून जास्त त्यांनी कधी सांगितले नाही आणि मीही कधी विचारले नाही.

गेल्या पावसाळ्याआधी रस्ता रुंद करताना जेसीबीने वडाचे एक मूळ तोडले आणि तो दगड उपटून गटाराच्या कडेला लोटला. संध्याकाळी गेलो तर आडवा पडला होता. वरचा निम्मा काळा, शेवाळलेला. जमिनीत गाडलेला निम्मा ओला आणि लालभडक, आत्ताच खणीतून काढल्यासारखा. किती वर्षांनी त्या भागाला उजेड लागला असेल!

यंत्र चालवणारा पोरगा परगावचा, त्याला काय माहीत असणार. मला लागले ते पुढचे. ग्रामसभेत मी विषय काढला तर सगळ्यांनी ऐकून घेतले, आणि एकाने अगदी सरळपणे विचारले, “पण तो दगड कसला आहे?” सभेत साठ-सत्तर माणसे होती. उत्तर कोणाकडेच नव्हते. माझ्याकडेही एक शब्द होता, तेवढाच.

गोव्यात अनेक देवळांच्या आवारात ग्रामपुरुषाची घुमटी असते. गाव वसवला तो पुरुष. गाऱ्हाणे घालताना त्याचे नाव घेतात. म्हणजे आपल्या पूर्वजांना ही आठवण राहावी असे वाटत होते, त्यांनी तिला देवत्व दिले, नैवेद्य लावून दिला. आणि आपण मात्र ‘कोण तो’ एवढेही सांगू शकत नाही.

माझा विचार असा: गावात जी मूळ घराणी मानली जातात त्यांची माहिती गोळा करायची, आणि त्या वडाखाली दगड पुन्हा उभा करून शेजारी एक फलक लावायचा. ज्यांनी रान साफ केले, पहिला नांगर धरला, पाट काढला त्यांची नावे त्यावर. कुठे शोधावे, कोणाला विचारावे, कोणी असे काही केले असेल तर कृपया लिहा. आमच्या गावात हे सांगू शकतील अशी आता चार-पाचच माणसे आहेत आणि सगळी ऐंशीच्या पुढची.

---

मोडीवाचक
रविवार, रात्री १०.३५

चांगला विषय काढलात. कागदांपुरते सांगतो.

गावकार शब्दाचा सगळ्यात जुना लेखी खुलासा १५२६ च्या फोरालात (पोर्तुगीज सनदेत) आहे. आफोंसो मेशिया याने तिसवाडीतल्या गावांचे रीतिरिवाज लिहून काढले, तारीख १६ सप्टेंबर १५२६. त्यात सुरुवातीलाच परंपरा सांगितली आहे: पूर्वी चार माणसे एका ओसाड बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीला आणली, वस्ती वाढली, आणि त्यांनाच पुढे गावकार म्हणू लागले. पोर्तुगीज अधिकाऱ्याने ऐकून लिहिलेले आहे हे. म्हणजे १५२६ मध्येसुद्धा ती ‘पूर्वीची’ गोष्ट होती आणि तेव्हाही त्या चौघांची नावे कोणी सांगितली नाहीत. मला नेहमी वाटते की नावे विसरली गेली, असे म्हणण्यापेक्षा ती जपायची पद्धतच वेगळी होती. नावाऐवजी वांगड जपले. पहिल्या पुरुषाचे वंशज म्हणजे एक वांगड, दुसऱ्याचे दुसरे, आणि गावाच्या सभेत, देवळाच्या मानात, जोणीच्या (गावाच्या उत्पन्नातल्या वाट्याच्या) वाटणीत त्यांचा क्रम ठरलेला. आज ‘आमचे पहिले वांगड’ म्हणणाऱ्याला मूळपुरुषाचे नाव ठाऊक नसते, पण आपण कितवे हे ठाऊक असते.

आता तुमच्या नदीबद्दल. कुशावतीचा खालचा भाग, म्हणजे चांदरकडचा, साष्टी तालुक्यात येतो. साष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. केपे-सांगे मात्र नव्या काबिजादीत, तिथे सोंदेकर राजांचा अंमल होता आणि ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांकडे आले. नदी एक, पण वरच्या आणि खालच्या काठाच्या दप्तरात दोनशे वर्षांहून जास्त अंतर. खालच्या गावांचे कागद पोर्तुगीजमध्ये भरपूर मिळतील. वरच्यांचे मोडीत, तुटक, आणि बरेचसे खाजगी घरांतल्या पेट्यांत. पणजीच्या पुराभिलेखात जरूर जा. हा दप्तरखाना १५९५ पासूनचा आहे. जुन्या गावकऱ्यांचे काही कागद गोंयकानडी लिपीतही आहेत.

एक सूचना. कागदात जो सापडेल तो सारा भरणाऱ्याचा आणि जोण घेणाऱ्याचा उल्लेख असेल. पहिला आलेला माणूस कागदात सापडेलच असे नाही.

---

सत्तरीचा वारा
सोमवार, सकाळी ७.०५

दगड आत्ता कुठे आहे? आधी तो घरी आणून सावलीत ठेवा. म्हादयच्या काठी आमच्याकडे असाच एक वीराचा दगड फरशी म्हणून व्हाळावर (ओढ्यावर) टाकलेला मी स्वतः पाहिला आहे. बायका त्यावर कपडे धूत होत्या. उलटा करून पाहिला तर खालच्या अंगाला घोडेस्वार.

---

कुळागरवाला
सोमवार, सकाळी ७.४०

घरी आणला आहे दादा. दोन पुतणे आणि मी, गोणपाटात गुंडाळून. आईने त्यावर तांब्याभर पाणी घातले आणि दिवा लावला.

---

रानपाखर
सोमवार, दुपारी १.२०

काका, मनापासून लिहिले आहे तुम्ही, म्हणून मीही मोकळेपणाने लिहिते. राग मानू नका.

मी वेळीप समाजातली. आमचा वाडा तुमच्याच खोऱ्यात, पण वर, डोंगराच्या अंगाला. तुमच्या धाग्याचे नाव वाचले आणि थांबले. पहिला नांगर. माझ्या आजाच्या आजाने नांगर धरलाच नव्हता. ते कुमेरी करायचे. उतारावरचे रान तोडायचे, वाळू द्यायचे, पावसाआधी जाळायचे आणि त्या राखेत नाचणी, वरी पेरायची. दोन-तीन पिके घेतली की ती जागा सोडून पुढे. सोडलेल्या जागी रान परत वाढायचे. नांगर नाही, पाट नाही, बांध नाही. कोयता आणि टोकदार काठी.

आता बघा, फोराल म्हणते ‘ओसाड बेट’. सरकारी कागद म्हणतो पडीक. जो जागा सोडून जातो त्याचे वांगड कसे होणार? त्याला जोण कोण देणार? त्याचे नाव मोडीवाचक सर सांगतात त्या कुठल्याच कागदात येणार नाही. पण रान ओसाड नव्हते. कुठल्या झाडाखाली पाणी लागते, कुठल्या कोंडीत मे महिन्यातही मासे असतात हे ठाऊक असलेली माणसे तिथे होती. आमचा समाज अनुसूचित जमातीच्या यादीत यायला २००३ साल उजाडले. तोपर्यंत आम्हीसुद्धा कागदावर कोणीच नव्हतो.

आणि उसगाळीमळ विसरू नका. रिवणजवळ, कुशावतीच्या अगदी काठावर. जांभ्याच्या सड्यावर शंभरावर चित्रे कोरलेली आहेत: बैल, हरणे, माणसे आणि ते मोठे गोल चक्र, ज्यात बोट फिरवत गेलात की आत आत जात राहता. पुरातत्त्व खात्याच्या लोकांनी १९९३ मध्ये ती जगासमोर आणली. पण आसपासच्या लोकांना ती आधीपासून माहीत होती. माझी आजी म्हणायची, गुरे राखणाऱ्या पोरांनी काढली ती. लहानपणी मला ते अडाणीपणाचे वाटायचे. आता वाटते, आजीने त्या चित्रांना माणूस जोडून दिला होता. देवाने काढली, राक्षसाने काढली असे नाही म्हणाली. आपल्यासारख्या कोणीतरी, गुरे चरत असताना, नदीकाठी बसून.

त्या सड्यावर मी पावसानंतर लगेच गेले होते. रेघांत पाणी साचले होते आणि बैलाची शिंगे तेवढी उन्हात चमकत होती.

फलक लावा, पण त्यावर ‘पहिले’ लिहू नका, एवढीच विनंती.

---

कुळागरवाला
सोमवार, रात्री ९.५०

ताई, राग कसला. दुपारी वाचले आणि दिवसभर तेच डोक्यात आहे. आमच्या घरी डोंगरावरून लोक यायचे, नाचणी आणायचे, सुपारी काढायला मदत करायचे. मी त्यांना कामाची माणसे म्हणूनच ओळखले. ती आमच्याआधीची आहेत असे घरात कोणी बोलले नाही, आणि मलाही सुचले नाही. हे मला लिहायलाच हवे होते.

धाग्याचे नाव बदलता येत नाही, नाहीतर बदलले असते.

---

कोटाबगलेन
मंगळवार, सायंकाळी ६.१५

मी चांदरचा. नदीच्या खालच्या टोकाकडून थोडे.

हे पूर्वीचे चंद्रपूर. शिरोड्याला सापडलेला भोज घराण्यातल्या देवराजाचा ताम्रपट इथूनच दिलेला आहे, म्हणजे गोव्यातल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक आमच्या गावातून निघालेला. कोटात फादर हेरास यांनी १९२९ च्या सुमारास खणून देवळाचा पाया काढला. तिथला मुंडके नसलेला नंदी अजून तसाच बसलेला आहे. आम्ही पोरे त्याच्यावर बसून आंबे खायचो. आता कुंपण आहे.

मला सांगायचे ते वेगळेच. आम्ही ख्रिस्ती. चारशे वर्षांहून अधिक काळ. तरी दरवर्षी कार्निव्हालच्या सोमवारी आमचे पुरुष हातात मुसळे घेऊन कोटात मुसळ खेळ नाचतात. घुमट (मातीचे वाद्य) वाजते, मुसळ जमिनीवर आपटते, आणि जे गाणे म्हणतात त्यात हरिहर राजाचे नाव येते. विजयनगरचा! धर्म बदलला, भाषा दोनदा बदलली, राज्ये किती आली नि गेली. ज्याच्या तोंडी ते गाणे आहे त्याला सगळे शब्द उलगडून सांगता येतील असे नाही, पण पाय चुकत नाही. माझ्या वडिलांना गुडघेदुखी होती, त्या रात्री मात्र त्यांना खुर्चीत बसवणे अशक्य.

म्हणून म्हणतो, फक्त नावे शोधू नका. तुमच्या गावात कोण कोणत्या दिवशी कुठे जाऊन काय करतो ते आधी लिहा. मांड (नाच-गाण्याची ठरलेली जागा) कुठे आहे, धालो (बायकांचे फेर) कुठल्या अंगणात आधी सुरू होतात, गाऱ्हाण्यात नावांचा क्रम काय. तो क्रम कोणीतरी विचार करून लावलेला असतो.

---

गाऱ्हाणे
मंगळवार, रात्री ८.००

वरच्यांशी सहमत, पण एक धोक्याची घंटा वाजवतो. मूळ घराणी कोणती हा प्रश्न विचारलात की गाव दोन तासांत दुभंगतो. मान कोणाचा, पालखीला आधी हात कोणाचा यावरून वर्षानुवर्षे कोर्टकज्जे चाललेली देवळे गोव्यात आहेत. १९३३ च्या महाजनी कायद्याने महाजनांच्या (देवळाच्या मानकरी सभासदांच्या) याद्या झाल्या, तेव्हा जे यादीत आले ते आले. तुमचा फलक उद्या कोणाच्या तरी दाव्यात पुरावा म्हणून दाखल होईल. जपून.

---

नकाशा
मंगळवार, रात्री ११.२५

माझा धंदा मोजणीचा, म्हणून एक कामाची गोष्ट.

आपल्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर सर्वे नंबरबरोबर ‘शेताचे नाव’ असा रकाना असतो. लोक नंबर बघतात, मालक बघतात, कूळ कोण ते बघतात. नाव कोणी वाचत नाही. गोवा मुक्त झाल्यानंतरच्या मोजणीत जागेवर जे नाव सांगितले गेले ते त्यात उतरले. स्पेलिंगची वाट लागलेली असते, पण नाव असते. तुमच्या गावाचे सगळे उतारे काढा आणि फक्त त्या रकान्याची यादी करा. पोर्तुगीज काळातले मात्रीज (जमीनमहसुलाची नोंदवही) मिळाले तर त्यातली नावे शेजारी लिहा.

मग ती यादी घेऊन म्हाताऱ्या माणसाबरोबर चालत जा. घरी बसून विचारू नका. घरी बसून विचारले की माणूस आठवतो ते सांगतो. बांधावर उभा राहिला की पाय त्याला सांगतात. मी मोजणीला जातो तेव्हा हे रोज बघतो. आणि त्यांनी ज्या शब्दात सांगितले त्याच शब्दात लिहा, शुद्ध करू नका. ‘बांद’ म्हणाले तर ‘बांद’च. कोणी सांगितले, कुठल्या तारखेला, हे प्रत्येक नोंदीखाली हवे.

---

कुर्डीची लेक
बुधवार, दुपारी ३.४०

मी इथे फक्त वाचते, लिहीत नाही. आज राहवले नाही.

आमचा गाव साळावली धरणात गेला. कुर्डी. मोगूबाई कुर्डीकरांचा गाव म्हणून बाहेरच्यांना नाव ठाऊक असते. आम्ही वालकिणीच्या पुनर्वसन वसाहतीत आलो तेव्हा मी शाळेत जाणारी पोर. आमचे महादेवाचे प्राचीन देऊळ दगड दगड सुटा करून धरणाजवळ नेऊन पुन्हा उभारले. जांभ्यात कोरलेली मोठी आदिमाता होती, ती वेर्ण्याला नेली. म्हणजे जे हलवण्यासारखे होते ते हलवले, त्याबद्दल मी ऋणीच आहे.

शेतांची नावे नाही हलवता आली. वालकिणीला प्लॉट मिळाले, त्यांना नंबर होते. माझी आई नव्या घराच्या परसात काही लावायची तर तिला सांगता यायचे नाही कुठे लावले ते. जुन्या गावात ती म्हणायची, “वरल्या मळ्यात गेले, व्हाळापलीकडे गेले.” इथे ती नुसती “थंय” (तिथे) म्हणायची आणि हात करायची.

मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा आम्ही सगळे जातो. सोमेश्वराचा उत्सव होतो, ख्रिस्ती लोकही त्यांच्या जागी प्रार्थनेला जमतात. सगळीकडे भेगाळलेली माती, माडांचे काळे खुंट, जोती. आई होती तोवर ती जोत्यावर उभी राहून बोटाने दाखवायची, हे अमुक, ते तमुक. तिथे सगळे तिला यायचे. मी ते कधी लिहून घेतले नाही. दरवर्षी वाटायचे पुढच्या मेमध्ये वही आणू. तिला जाऊन आता सहा वर्षे झाली. जोती तीच आहेत, मला त्यातली फक्त आमची आणि शेजारची ओळखता येतात.

कुळागरवाला दादा, तुमचा गाव अजून कोरडा आहे. या रविवारीच जा.

---

मोडीवाचक
बुधवार, रात्री ९.००

ताई, तुम्ही लिहिलेत हे फार बरे झाले. कुर्डीचे जुने उतारे काढायला मी मदत करू शकतो. व्यक्तिगत संदेश पाठवतो.

---

मुंबईतून
बुधवार, रात्री ११.१०

आमचे घराणे तीन पिढ्या गिरगावात. कुळदेवाला वर्षातून एकदा येतो, अभिषेक करतो, जेवतो आणि रात्रीच्या गाडीने परत. तुमच्या धाग्यामुळे पहिल्यांदाच ग्रामपुरुषाच्या घुमटीसमोरून आपण न थांबता जातो हे लक्षात आले. पुढच्या खेपेला भटजींना विचारीन.

---

कुळागरवाला
त्यानंतरचा सोमवार, रात्री १०.२०

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो.

एक-चौदाच्या उताऱ्यांवरून शेतांची एक्केचाळीस नावे निघाली. ती घेऊन आमच्या वाड्यावरच्या आज्याकडे गेलो. वय ब्याऐंशी, डोळ्यांना कमी दिसते. रानपाखर ताईही वाडीवरून त्यांच्या काकांना घेऊन आल्या, हे मला विशेष वाटले. दोघे म्हातारे एकमेकांना चाळीस वर्षे ओळखतात, पण या विषयावर कधी बोलले नव्हते.

सकाळी सातला निघालो, साडेअकरापर्यंत चाललो. नकाशा साहेब, तुम्ही सांगितलेत तसेच झाले. अंगणात आज्याला नऊ नावे आठवली होती, बांधावर त्यांनी चौतीस सांगितली. काठीने बांध ठोकत पुढे जायचे आणि थांबायचे. उताऱ्यावर नसलेलीही सात मिळाली. प्रत्येक ठिकाणी पुतण्याने फोनवर आवाज टिपून ठेवला.

पाट कुठून येतो ते बघायला वर चढलो. आमचा पाट डोंगराच्या पोटातल्या एका झरीतून निघतो. मी आजवर समजत होतो की तो आमच्या पणजोबांनी शोधला. त्या झरीपाशी ताईंचे काका बसले, ओंजळीने पाणी प्याले आणि म्हणाले, ही आमची ‘नाचण्याझर’. त्यांच्या वाडवडिलांनी वरच्या उतारावर कुमेरी केली तेव्हा कापणीच्या दिवसांत बायका इथे राहायच्या. खाली शेत करायला माणसे आली तेव्हा पाणी कुठे आहे हे त्यांना इथल्यांनीच दाखवले, असे त्यांच्या घरात सांगतात. म्हणूनच पाटाच्या तोंडाशी दगड घातला. पाणी दाखवणाऱ्याचा तो मान.

आज्याने हे ऐकले. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, नव्याची कणसे आधी पाटाकडे आणि मग देवळात का, हे मी बापाला विचारले होते, तो म्हणाला होता, “पाणी आधी, देव मागीर.”

दोन घरांतल्या दोन गोष्टी आहेत या. कागद नाही, शिक्का नाही. मी दोन्ही जशा ऐकल्या तशा, सांगणाऱ्याच्या नावासह वहीत लिहिल्या आहेत, आणि ही वही ग्रंथालयात एक प्रत आणि ताईंच्या वाड्यावर एक प्रत अशी ठेवणार आहे.

फलकाचा विचार सोडला. दगड येत्या नव्याच्या दिवशी परत उभा करू. खड्डा आधीच्याच जागी, तोडलेल्या मुळाशेजारी. मुळाला नवे फुटवे आले आहेत. ताईंचे काका आणि आमचा आजा दोघे धरणार, असे ठरले आहे.

---

रानपाखर
सोमवार, रात्री १०.५५

काकांनी घरी गेल्यावर आणखी तीन झरींची नावे सांगितली. उद्या पाठवते. एकीची वाट आता बंद झाली आहे, पण ते म्हणाले कोयता घेतला तर जाता येईल.